गटारांचा आराखडा आणि कंत्राटी कामगार: विषय एक की दोन?

सांडवा (धागाकर्ता)

महापालिकेच्या सभेत हे दोन विषय कधी एका दिवशी येत नाहीत. पावसाळी गटारांचा आराखडा आला की सल्लागार, नकाशे आणि मोठमोठे आकडे. सफाई आणि गटार कामगारांची भरती आली की 'आस्थापना खर्च वाढतोय' एवढंच. माझं म्हणणं आहे की हा एकच विषय आहे, आणि तो दोन फायलींत वाटल्यामुळेच पाणी तुंबतं.

आराखडा करताना पाइपचा व्यास, उतार आणि पावसाची तीव्रता धरतात. मुंबईची जुनी व्यवस्था ताशी 25 मिमी पावसाच्या हिशेबाची होती. तिथल्या पावसाळी गटारांवरच्या 1993 च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालानं ती ताशी 50 मिमीवर न्यायला सांगितलं. ठीक. पण गोल पाइपमध्ये तळापासून एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ बसला, तर जवळजवळ 30 टक्के छेद तिथेच गेला. म्हणजे कागदावरचे 50 जमिनीखाली 35 च्या आसपास. हा गाळ कुठल्या वळणावर बसतो, कुठल्या चेंबरमध्ये कोणाची बेकायदा जोडणी आहे, भरतीच्या वेळी पाणी कुठून उलटं येतं, हे झाकण उघडणाऱ्या माणसाला माहीत असतं. कंत्राट बदललं की तो माणूस जातो, त्याच्याबरोबर माहितीही जाते. मग दहा वर्षांनी नवा सल्लागार येऊन तेच शोधायचे पैसे घेतो.

म्हणून गटारकाम करणारे कायम नोकरीत हवेत. दया म्हणून नाही, आराखड्याची गरज म्हणून.

हिशेबनीस

सहमत नाही. कायम नोकरी दिली की ज्ञान टिकतं, हे तुम्ही गृहीत धरलंय. कायम माणूस मुकादमाशी जमवून हजेरी लावतो आणि जागेवर दुसऱ्यालाच पाठवतो, हे पालिकेत वावरलेल्या कुणालाही सांगायला नको. शिवाय डोक्यातली माहिती माणसाबरोबर निवृत्तही होते. ती नोंदवहीत, नकाशात, कॅमेरा फिरवून केलेल्या तपासणीत असायला हवी. ती तिथे नसणं हा अभियांत्रिकी विभागाचा नाकर्तेपणा आहे. त्यावर उपाय म्हणून तीस वर्षांचा पगार आणि वर निवृत्तिवेतन?

योग्य वेतन, विमा, सुरक्षा साधनं कंत्राटी कामगारालाही मिळालीच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण ते न्यायाचं बघणं झालं. पाण्याचा निचरा हे वेगळं प्रकरण.

थेंबेथेंबे

हिशेबनीस, वेगळं कसं? अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं 1968 चं उदाहरण बघा. पावसामुळे काम थांबलं म्हणून गटार विभागातल्या कृष्णवर्णीय कामगारांना तुटपुंज्या पैशांवर घरी पाठवलं, गोऱ्या कर्मचाऱ्यांना मात्र पूर्ण दिवसाचा पगार. त्याच सुमारास, 1 फेब्रुवारीला, पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन कामगार दाबयंत्रात चिरडून मेले. 12 फेब्रुवारीला सुमारे 1,300 जण संपावर गेले. मार्टिन ल्यूथर किंग त्या संपाच्याच पाठिंब्यासाठी शहरात आले होते, तिथेच 4 एप्रिलला त्यांची हत्या झाली. त्यानंतर कुठे शहराच्या परिषदेनं कामगार संघटनेला मान्यता दिली.

पाऊस पडतो तेव्हा गटार विभागाची सगळ्यात जास्त गरज असते. नेमक्या त्याच दिवसाचा पगार कापणारी व्यवस्था निचऱ्याची काय काळजी घेणार?

निवृत्त जेई

दोघेही नोकरीच्या प्रकारावर अडलात. कनिष्ठ अभियंता (जेई) म्हणून माझं आयुष्य या कामात गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नालेसफाईचं कंत्राट गाळाच्या वजनावर निघतं तोवर काही बदलणार नाही. टनावर पैसे म्हटले की गाडीत डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) येतं, ओला गाळ पाण्यासकट तोलला जातो, एकच गाडी दोनदा काट्यावर चढते. आणि खरोखर काढलेला गाळ नाल्याच्या काठावरच वाळत टाकतात. पहिल्या मोठ्या सरीला तो परत आत. यात कामगार कायम आहे की कंत्राटी, यानं काय फरक पडतो?

पैसे नाल्याच्या अवस्थेवर द्या. सफाईआधी आणि नंतर ठरलेल्या जागी पट्टी टाकून तळाची पातळी मोजा, मापं उघड लावा. दुसरं, काम झाल्यावर प्रत्यक्ष जसं झालं तसा नकाशा. मंजूर नकाशात पाइप सरळ असतो. खोदताना मध्ये केबल लागते, पाइप वळवला जातो, आणि ते वळण कागदावर कधीच येत नाही. ते मुकादमाला माहीत असतं, इथे सांडवा यांचं बरोबर आहे. पण मुकादमाला कोणी विचारतच नाही. तो कायम असला तरीही. आमच्या बैठकीत तो दाराबाहेर उभा असायचा.

सावली

'कायम करा' हे सगळ्यांना आपोआप पुरोगामी वाटतं, याची गंमत वाटते. कोणाला कायम करायचं? कुठल्या कामात? महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या जागी वारसाला नोकरी मिळते. घराला आधार मिळतो, खरंय. पण त्याच घरातली पुढची पिढी त्याच झाडूपाशी येते, आणि पालिकेला भरती उघडी ठेवायचीही गरज उरत नाही. कंत्राटी असो की कायम, मॅनहोलमध्ये उतरणारी जात तीच.

हातानं मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. म्हणजे दहा वर्षांनंतरही माणसं मरतच होती. मला न्याय्य रोजगार म्हणजे आत न उतरणारा रोजगार हवा. जेटिंग आणि सक्शन मशीन (पाण्याच्या जोरानं गाळ सुटा करणारं आणि तो ओढून घेणारं) चालवायला शिकवा, तो पगार द्या, आणि त्या जागा सगळ्यांसाठी जाहीर करा.

सांडवा

सावलीताई, शेवटच्या वाक्याला +1. पण मशीनवर जागा निघाल्या की परवाना आणि शिक्षणाची अट येते, आणि वीस वर्षं झाकणं उघडणारा माणूस बाद होतो. ते प्रशिक्षण त्याला कोण देणार? दर वर्षी बदलणारा ठेकेदार तर देणार नाही.

हिशेबनीस, कंत्राटी कामगाराला सगळं मिळालंच पाहिजे म्हणणं सोपं आहे. मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. काम बारमाही, नोकरी हंगामी, हा प्रकार काटकसर म्हणून खपवू नका. तो खर्च वकिलांवर झालाच.

हिशेबनीस

निकाल मान्य. तरी माझा मुद्दा तिथेच आहे, कारण निचऱ्याचं तंत्रच बदलतंय. कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 ला दोन तासांत सुमारे 150 मिमी पाऊस पडला. त्यांनी नुसते पाइप मोठे केले नाहीत. 2012 च्या आराखड्यात बागा, चौक आणि काही रस्तेच पाणी धरायला आणि वाहून न्यायला ठेवले. उद्या आपल्याकडे असं झालं तर गटारात कमी आणि जमिनीवर जास्त माणसं लागतील. आज गटार विभागात तीस वर्षांसाठी भरलेली पदं तेव्हा कुठे नेणार?

थेंबेथेंबे

बागेत! पाणी धरणाऱ्या बागेतही गाळ बसतोच, तोही काढावा लागतो. पदाचं नाव बदला.

आणि आराखडा कुठल्या वस्तीपासून सुरू होतो, हेही न्यायाचंच बघणं आहे. अमेरिकेतल्याच मिसिसिपी राज्यातल्या शॉ या छोट्या गावाविरुद्ध 1971 मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला. मलवाहिनी नसलेल्या घरांपैकी 97 टक्के घरं कृष्णवर्णीयांच्या वस्तीत होती. गावानं पुढे केलेली कारणं कोर्टानं मान्य केली नाहीत.

निवृत्त जेई

खर्चाची भाषा चालली आहे म्हणून विचारतो. प्रत्येक प्रभागात चार माणसांची कायम टोळी, एक मशीन, आणि त्यांच्या सहीशिवाय नव्या गटाराचा नकाशा मंजूर नाही. पावसाळ्यापूर्वीचं जास्तीचं काम हवं तर कंत्राटावर द्या, पातळी मोजून. याला कोणाची हरकत?

सावली

टोळीची भरती उघड जाहिरातीनं असेल तर नाही.

हिशेबनीस

माझी आहे. सहीचा अधिकार दिलात की सहीचा दरही ठरतो.