प्रति: येळवशीची भज्जी आणि पोटाचा गुबारा

वर लातूरच्या दादांनी विचारलंय, येळवशीला (वेळ अमावस्येच्या सणाला) शेतात भज्जी (दाण्यांची मिसळ भाजी) अन् उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) दाबून खाल्ले की रात्री पोट डब्ब होतं, मग जठर कमजोर झालं का? अहो, जठरावर उगाच आळ घेताय.

भज्जीत काय असतं बघा: तूर, हरभरा, वाटाणा, वालाचे दाणे, वर बेसन. या डाळवर्गात रॅफिनोजसारख्या काही साखरा असतात. त्या तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, तुमच्याही नाही अन् माझ्याही नाही. प्रथिनांची फोड जठरातल्या आम्लात सुरू होते, पुढे स्वादुपिंडाचा रस आणि पित्त मिळून बाकीचं उरकतं. पण या साखरा सहा-एक मीटरचं लहान आतडं ओलांडून तशाच मोठ्या आतड्यात उतरतात. तिथल्या जिवाणूंची मग चंगळ! ते त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कुणाकुणाच्या पोटात मिथेनही तयार होतो. अन्नाला तिथवर पोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारी पंगत आणि गुबारा रात्री.

हरभरा रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं तर फरक पडतो. भज्जीला ताजे दाणेच लागतात, तिथं हा उपाय चालत नाही. एक वाटी कमी घ्या. (जमलं तर!)

मात्र उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जात असेल, तर तो पित्ताशयातला खडा असू शकतो. खायचा सोडा पिऊन दिवस काढू नका, सोनोग्राफी करून घ्या.