कोचीला अडीच दिवस, सोबत आईबाबा: मुन्नार धरू की सोडू?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोचीला जायचं ठरतंय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, आत्ताच रिटायर झालेत. पस्तीस वर्षं मुलांना वास्को द गामा शिकवला पण त्याला जिथे पुरलं ते चर्च काही बघितलं नाही, असं ते इतक्या वेळा बोललेत की ही ट्रिप खरं तर त्यांच्यासाठीच आहे. आईचे गुडघे दुखतात, जिने अजिबात नको, सपाटीवर मात्र अर्धा तास आरामात चालते. आई पूर्ण शाकाहारी.

शुक्रवारी सकाळी विमानाने जायचं, रविवारी रात्री परत. डोक्यात असं आहे की शुक्रवारी फोर्ट कोची आणि मट्टनचेरी उरकायचं, शनिवारी मुन्नारला जाऊन यायचं, रविवारी आलेप्पीची हाउसबोट करून तिथून थेट एअरपोर्ट. नवरा म्हणतो फार होतंय, बहीण म्हणते एवढ्या लांब जाऊन मुन्नार न बघता कसे येता. राहायचं एर्नाकुलमला की फोर्ट कोचीत हेही कळत नाहीये, एर्नाकुलमला हॉटेलं जास्त दिसतायत. तिकिटं अजून काढलेली नाहीत, दोन दिवसात काढायचीत, त्यामुळे जे काय असेल ते स्पष्ट सांगा.

खाडीपलीकडे:
पाऊलवाट, तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं. कारण मुन्नारच्या आधी तुमचा वारच चुकतोय. मट्टनचेरीत बघायच्या दोन मुख्य गोष्टी, एक राजवाडा (त्याला डच पॅलेस म्हणतात) आणि दुसरं परदेसी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ). राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शुक्रवार शनिवार दोन्ही दिवस बंद, शिवाय ज्यूंच्या सणांनाही बंद, आणि डिसेंबरात त्यांचा हनुका येतो त्यामुळे तारीख एकदा बघून घ्या. म्हणजे शुक्रवारी तुम्ही बाबांना घेऊन दोन्हीकडे बंद दरवाजे बघून येणार. आमचं नेमकं हेच झालं होतं, सासरे दारातल्या बोर्डापुढे उभे राहिले आणि काही न बोलता वळले, ते मला अजून खातं. जमत असेल तर रविवार ते मंगळवार करा, लेकीची दोन दिवस शाळा बुडेल पण बाबांचं सगळं उघडं मिळेल. फक्त त्रिपुणितुराचा हिल पॅलेस सोमवारी बंद असतो, तो तसाही तुमच्या यादीत नाहीये आणि चढ-पायऱ्या बघता आईसाठी नकोच.

आता मुन्नार. कोचीहून साधारण 130 किलोमीटर, ऐकायला काही वाटत नाही पण पुढचा अर्धा रस्ता घाटाचा आहे, एका बाजूला चार ते पाच तास धरा. जाऊन येऊन नऊ तास गाडीत आणि वर दोन-तीन तास, तेही चहाच्या मळ्यासमोर फोटो काढण्यात जाणार. गुडघे दुखणाऱ्या माणसाला नऊ तास पाय दुमडून बसवणं म्हणजे पुढचा दिवस गेलाच म्हणून समजा. मुन्नार वाईट नाही हो, सुंदर आहे, पण त्याला दोन मुक्काम द्या, वेगळी ट्रिप करा. बहिणीला माझं नाव सांगा.

राहायला डोळे मिटून फोर्ट कोची. एर्नाकुलम म्हणजे मोठं शहर, ट्रॅफिक, मॉल. बघायचं जे आहे ते खाडीच्या पलीकडे, मग रोज दोनदा खाडी ओलांडायची कशाला. फोर्ट कोचीत जुन्या घरांचे होमस्टे खूप आहेत, पण बुक करताना फोन करून "तळमजल्यावरची खोली आहे का" हे नक्की विचारा, कारण जुन्या घरांना लाकडी उभे जिने असतात आणि फोटोत ते दिसत नाहीत. चर्च, मासेमारीची चिनी जाळी, बॅसिलिका, डच दफनभूमी हे सगळं सपाटीवर पायी अंतरात आहे, मोठमोठ्या पर्जन्यवृक्षांची सावली आहे रस्त्यावर, आई रमतील. एअरपोर्ट मात्र लांब आहे, नेडुंबसेरीला, फोर्ट कोचीपासून चाळीसेक किलोमीटर आणि दीड तास, संध्याकाळी त्याहून जास्त. मेट्रो एअरपोर्टपर्यंत जात नाही, अलुवापर्यंतच आहे. पाच जण आणि सामान असेल तर सरळ मोठी टॅक्सी करा.

चौलची_लेक:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण सिनेगॉगबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय. मी अलिबागकडची, आमच्याकडे इस्रायल आळी आहे, लहानपणी आजी बेने इस्रायली लोकांना (कोकणातल्या ज्यूंना) "शनवार तेली" म्हणायची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. म्हणून कोचीत शनिवारी बंदची पाटी बघितली तेव्हा मला एकदम आजीच आठवली, तोच शब्बाथ, तोच समुद्र, फक्त हजार-बाराशे किलोमीटर खाली. दोन्हीकडचे ज्यू वेगळे, भाषा वेगळी (तिथले मल्याळम बोलायचे, आपल्याकडचे मराठी) पण दिवस तोच पाळायचा. हे बाबांना नक्की सांगा, त्यांना आवडेल.

सिनेगॉग 1568 चं आहे. आत चपला काढून जायचं आणि मग पायाखाली बघायचं. निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या. मी खाली बसून एकेक बघत होते, लांबून सगळ्या सारख्याच वाटतात, झाड, पाणी, छोटंसं घर, पण एकीत फांदी डावीकडे झुकलीये, दुसरीत निळा रंग ओला असताना फरपटलाय, कुणाचा तरी हात दिसतो त्यात. वर रंगीत काचेची झुंबरं. लेकीला बाहेरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर वेगवेगळ्या लिपीतले आकडे शोधायला लावा. दुपारी एक ते तीन बंद असतं त्यामुळे सकाळी दहाला पोचा.

आणि राजवाड्याला "डच" म्हणत असले तरी तो बांधला पोर्तुगीजांनी, 1555 मध्ये, आणि कोचीच्या राजाला नजर केला. डचांनी 1663 नंतर डागडुजी केली म्हणून त्यांचं नाव चिकटलं. आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत, सावकाश बघा. फोटो काढू देत नाहीत आणि ते एका अर्थी बरंच, माणूस नीट बघतो तरी. वर जायला जिना आहे बरं का, आईंना तेवढा एक जिना हळूहळू चढावा लागेल, नाहीतर त्या ज्यू टाउनच्या गल्लीत बसतील, तिथे मिरी, सुंठ, वेलदोड्याच्या वासात वेळ छान जातो.

वेंगुर्ल्याचा_वारा:
मी ट्रेनवाला माणूस, ट्रेनचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. वेळ असेल तर एक बाजू ट्रेनने कराच, नेत्रावती एक्सप्रेस मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून (एलटीटी) सुटते, पनवेलला थांबते, कोकण रेल्वेने खाली जाते, चोवीस-पंचवीस तास लागतात. पण तिकीट काढताना "कोची" शोधत बसू नका, स्टेशनचं नाव एर्नाकुलम जंक्शन आहे, लोक त्याला साउथ म्हणतात, आणि दुसरं एर्नाकुलम टाउन म्हणजे नॉर्थ. दोन्हीत गोंधळ झाला तर पाच जणांचं सामान घेऊन पळापळ होते. अडीच दिवसात मात्र ट्रेन बसत नाही हे खरं, विमानानेच जा.

खाडी ओलांडायला रस्त्याने जाऊ नका, बोटीने जा. सरकारी बोट एर्नाकुलम जेट्टीवरून सुटते, तिकीट अगदी किरकोळ, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. आता वॉटर मेट्रो पण आहे, 2023 मध्ये सुरू झाली, एसी, बॅटरीवर चालते, हायकोर्टाच्या जेट्टीवरून फोर्ट कोचीला जाते. आईंसाठी वॉटर मेट्रो चांगली कारण तरंगता धक्का बोटीच्या बरोबरीला येतो, पाय उचलून टाकावा लागत नाही. साध्या बोटीत थोडी उडी असते. वाटेत विलिंग्डन बेट दिसेल ते बाबांना दाखवा, बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाची भर घालून केलेलं आहे ते.

खाण्याची काळजी नको. आपण कोकणातले असलो तर निम्मं ओळखीचं निघतं, उकडा तांदूळ तोच (तिथला मट्टा, जाड आणि लालसर), खोबरेल तेच, आप्पम म्हणजे आपल्या घावनाचा फुगीर भाऊ. मट्टनचेरीत चेर्लाई भागात गौड सारस्वतांची जुनी वस्ती आहे, गोव्याहून पोर्तुगीजांच्या जाचामुळे गेलेली, घरात अजून कोकणी बोलतात. मी एका दुकानात "किते जाय" ऐकलं आणि जागच्या जागी थांबलो. त्या बाजूला शाकाहारी जेवण सहज मिळतं. आईंना फक्त एवढं सांगून ठेवा की "व्हेज" म्हटलं तरी फोडणी खोबरेलाचीच असते, सवय नसली तर पहिल्या दिवशी वास जाणवतो.

पाऊलवाट:
अरे बापरे, वारांचं हे मला कुठेच दिसलं नव्हतं, सगळे ब्लॉग नुसते टॉप टेन देतात. खूप खूप आभार. नवऱ्याला दाखवलं, आम्ही रविवार ते मंगळवार करतोय, मुन्नार काढलं. बहिणीला अजून सांगितलं नाही.

आता दोन प्रश्न. लेकीला ती चिनी जाळी बघायचीत, ती कधी बघायची? आणि कथकली आठ वर्षांच्या मुलीला कंटाळवाणं होईल का? आलेप्पी ठेवू की तेही काढू?

खाडीपलीकडे:
जाळी सकाळी बघा, साडेसहा-सातला. संध्याकाळी सूर्यास्ताला गर्दी खूप आणि समोर फोटोवाल्यांची रांग. मल्याळममध्ये चीनवला म्हणतात, वला म्हणजे जाळं. एकेका जाळ्याला चार-पाच माणसं लागतात. लाकडी तुळया, एका टोकाला जाळं आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठे दगड, माणसं दोर ओढतात तेव्हा दगड एकामागून एक खाली टेकतात आणि आख्खं जाळं पाण्यातून उचललं जातं, पाणी गळत. मासे मिळतात ओंजळभर. ते लोक बोलावतात, दोर ओढायला देतात, लेकीला मजा येईल, पण नंतर पैशांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे, त्यामुळे सुटे पैसे खिशात ठेवून जा. समुद्रात उतरायला मात्र तिथला किनारा नाही, दगड आणि जलपर्णी असते. पाण्यात खेळायचंच असेल तर व्हायपिन बेटावर चेराई बीच, फोर्ट कोचीहून रो-रो बोटीत गाडीसकट पाच मिनिटांत व्हायपिन, पुढे वीस-पंचवीस किलोमीटर.

आलेप्पी ठेवा पण हाउसबोट नको. हाउसबोट सहसा दुपारी चढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायची असते, एका दिवसात तिचं भाडं वाया जातं. त्याऐवजी सोमवारी दुपारनंतर किंवा मंगळवारी सकाळी टॅक्सीने जाऊन दोन-तीन तासांची शिकारा बोट घ्या. छोटी असल्यामुळे अरुंद कालव्यातही शिरते, घरांच्या मागच्या पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका, पाण्यात उतरणारी बदकं, हे हाउसबोटीतून दिसत नाही. परतीचं विमान रात्रीचं असेल तरच मंगळवारी करा. आलेप्पीहून एअरपोर्ट ऐंशीच्या पुढे किलोमीटर आहे आणि आम्ही गेलो तेव्हा अरूरच्या पुढे उड्डाणपुलाचं काम चालू होतं, तासभर एका जागी होतो.

चौलची_लेक:
कथकलीचं मी सांगते, माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. फोर्ट कोचीत पर्यटकांसाठी तासा-दीड तासाचे प्रयोग रोज संध्याकाळी होतात. पूर्ण कथकली रात्रभर चालतं, हे त्याचं छोटं रूप. खेळापेक्षा त्याच्या आधीचा तास महत्त्वाचा, तेव्हा रंगभूषा बघायला बसू देतात. कलाकार जमिनीवर उताणा पडलेला, दुसरा माणूस त्याच्या उशाशी बसून हनुवटीभोवती तांदळाच्या पिठाची लुकण आणि कागद लावून पांढरी कड बांधतोय, पडलेला माणूस निश्चल, बोटंसुद्धा हलत नाहीत. मग उठून बसतो, डोळ्यात एक बारीक बी घालतो आणि डोळे हळूहळू लाल होत जातात. माझा मुलगा चाळीस मिनिटं एका जागी बसून होता, जो घरी जेवायलासुद्धा बसत नाही. खेळाआधी नवरस आणि हस्तमुद्रा करून दाखवतात त्यामुळे मुलांना गोष्ट कळते. पुढच्या रांगेतल्या जागा धरा, चेंडा (ढोल) जोरात वाजतो एवढं लेकीला आधी सांगा.

आणि बाबांच्या चर्चचं. सेंट फ्रान्सिस, रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते त्यामुळे दुपारनंतर जा. आत गेल्यावर उजव्या हाताला जमिनीत एक दगड आहे, भोवती रेलिंग, तीच जागा. वास्को द गामा 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला, चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, म्हणजे आता तिथे फक्त दगड आहे. हे बाबांना ठाऊक असणारच. वर बघितलं तर लांब कापडी पंखे टांगलेत, त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात, बाहेर बसून माणूस ओढायचा. तेच चर्च आधी पोर्तुगीज कॅथलिकांचं, मग डच प्रोटेस्टंटांचं, मग इंग्रजांचं, भिंतीत त्या सगळ्यांच्या थडग्यांचे दगड उभे केलेत. बाबांना तिथे एकटं सोडा थोडा वेळ, घाई करू नका.

पाऊलवाट:
तिकिटं काढली. रविवारी सकाळी जातोय, मंगळवारी रात्री साडेनऊचं परतीचं. रविवारी दुपारनंतर चर्च आणि संध्याकाळी कथकली, सोमवारी पहाटे जाळी, दहाला सिनेगॉग, मग राजवाडा, दुपारी आईला आराम. मंगळवारी लवकर आलेप्पी, शिकारा. तळमजल्याची खोली मिळाली, मालकीणबाईंनी स्वतःहून सांगितलं की न्हाणीघराला पायरी नाहीये. बाबांना चर्चची वेळ सांगितली तर ते कपाटातून जुनं पाठ्यपुस्तक काढून बसलेत, सोबत घेऊन येणार म्हणतायत.