मदत हवी आहे: इंग्लंडमधले नर्सरीचे आठवड्याला ३० मोफत तास, आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) एकाकडेच असेल तर?

नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला राहतो, लेक १४ महिन्यांची आहे. नवऱ्याला नुकताच आयएलआर मिळाला. मी अजून डिपेंडंट व्हिसावर, त्यावर 'नो पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते-मदत घेता येत नाही. दोघंही पूर्णवेळ नोकरी करतो.

नियमात वाचलं की दोघांपैकी एकाला पब्लिक फंड्सची मुभा असली तरी पुरतं. मग अर्ज नवऱ्याच्या नावाने केला, तर पुढे माझ्या आयएलआरला अडचण येणार नाही ना? याच एका भीतीने अर्ज अडलाय. जानेवारीपासून तास हवे तर नर्सरीला द्यायचा पात्रतेचा कोड ३१ डिसेंबरच्या आत मिळायला हवा. असा अर्ज केलेलं कुणी आहे का?

दुसरं, हे तास वर्षाचे ३८ आठवडेच. नर्सरी ते ५१ आठवड्यांवर पसरवते, म्हणजे आठवड्याला जेमतेम २२. वर जेवण, नॅपीचे पैसे वेगळे. उरलेल्या बिलासाठी टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (८ पौंडांवर सरकारचे २) कुणी सोबत वापरतंय का?

आई परवाच पुण्याला परतली. तिने शिवलेली दुपटी नर्सरीच्या पिशवीत भरून ठेवली आहे, त्याशिवाय लेक झोपत नाही. अनुभव असेल तर कृपया लवकर सांगा.