मदत हवी आहे (तातडीचे): ध्रुवीय सहकार्य संपलं की चालू आहे?

सायली_एमए:
परवा सादरीकरण आहे आणि एका वाक्यावर अडलेय. मी लिहिलं होतं, "युक्रेन युद्धामुळे ध्रुवीय सहकार्य संपले." सरांनी खाली लाल रेघ मारून "हे खरं नाही" एवढंच लिहिलंय. निम्म्या बातम्या परिषद बंद म्हणतात, निम्म्या चालू. नक्की काय धरायचं? लवकर सांगा, प्लीज.

दर्यावर्दी:
कोणता ध्रुव? कोणती परिषद? दोन्ही टोकांचे कायदे वेगळे आहेत.

मैत्रीवर_एक_हिवाळा:
सर बरोबर आहेत. मी मैत्रीवर, म्हणजे अंटार्क्टिकातल्या भारताच्या संशोधन केंद्रावर, राहून आलोय. रशियाचं नोवोलाझारेव्स्काया स्टेशन तिथून चार-पाच किलोमीटरवर. केपटाऊनहून येणारं विमान त्यांच्याच बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं. तिथे शेजाऱ्यावाचून निभत नाही. 1959 चा अंटार्क्टिक करार शीतयुद्धातच झाला. 1982 साली फॉकलंडवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले, पण दोघांपैकी कुणीही करार सोडला नाही.

ट्रॉम्सोकर:
दादा, 'परिषद' म्हणजे त्या आर्क्टिक परिषदेबद्दल, उत्तर ध्रुवाभोवतीच्या आठ देशांच्या मंचाबद्दल, विचारत असणार. 3 मार्च 2022 ला, रशिया अध्यक्ष असताना, बाकीच्या सातही देशांनी बैठकांना जाणं थांबवलं. जूनमध्ये रशियाचा सहभाग नसलेले प्रकल्प पुन्हा सुरू केले. मे 2023 मध्ये अध्यक्षपद नॉर्वेकडे आलं, 2025 मध्ये डेन्मार्ककडे. 2024 पासून कार्यगटांच्या ऑनलाइन बैठका होतात, त्यात रशियाही असतो. म्हणजे परिषद मोडली नाही, पण पूर्वीसारखी राहिलेलीही नाही.

मैत्रीवर_एक_हिवाळा:
म्हणूनच म्हणतो, दक्षिणेचा करार जास्त भक्कम.

ट्रॉम्सोकर:
इतकंही नाही. दक्षिणेत सर्वसहमती लागते. 2016 मध्ये रॉस समुद्राचं संरक्षित क्षेत्र मान्य झालं, त्यानंतरचे मोठे प्रस्ताव रशिया आणि चीनच्या नकारामुळे अडकून पडलेत. करार भक्कम आहे, पण निर्णय होत नाहीत.

गोवेंकर_आई:
मुलगा भूशास्त्रात एम.एससी. करतोय. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात घेतात का? थंडीची वैद्यकीय तपासणी कडक असते का?

मैत्रीवर_एक_हिवाळा:
ताई, वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहीन.

दर्यावर्दी:
भारताचं कुणीच काढलं नाही! 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, 2013 पासून आपण आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहोत. रशियाशीही बोलणं आहे, पश्चिमेशीही. मध्यस्थी आपणच करावी. सादरीकरणात हे घालाच.

ट्रॉम्सोकर:
निरीक्षकाला निर्णयात मत नसतं. आपल्या देशाचं कौतुक मलाही आहे, पण सायलीताईंचे मार्क जातील.

सायली_एमए:
सॉरी, विषय सांगायचाच राहिला. सायबेरियातला पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेली जमीन. आठ मिनिटं आहेत.

ट्रॉम्सोकर:
अहो, हे आधी सांगायचं! मग तुमचं वाक्य निम्मं खरं आहे. आर्क्टिक किनाऱ्याचा साधारण अर्धा भाग रशियाचा. सायबेरियातल्या नोंदी इकडच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचेनाशा झाल्या, तर गोठलेली जमीन किती वितळते आणि तापमान वाढवणारा मिथेन वायू किती सुटतो याचा अंदाज एका बाजूला झुकतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण हे नुकसान कुणाला आज दिसत नाही. मासे मात्र लगेच दिसतात. बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालतो नॉर्वेच्या किनाऱ्यावर, त्याची बरीचशी पिल्लं वाढतात पूर्वेला रशियाकडे. एकाने लहान मासे उपसले की दुसऱ्याची जाळी रिकामी. म्हणून युद्ध चालू असतानाही ओस्लो आणि मॉस्को दर वर्षी मिळून कोटा, म्हणजे किती मासे पकडायचे ते, ठरवतात. "संपले" खोडा. कुठे टिकलं आणि कुठे तुटलं, तेवढं दाखवा.

सायली_एमए:
हे उपयोगी आहे, खूप आभार. पण कोटा ठरवायला मासे कोण मोजतं? सर हे नक्की विचारणार.

ट्रॉम्सोकर:
आधी आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषद सल्ला द्यायची. मार्च 2022 मध्ये तिने रशियाचा सहभाग स्थगित केला, तेव्हापासून बॅरेंट्समधल्या या माशांच्या साठ्यांचा अंदाज नॉर्वे आणि रशियाचे शास्त्रज्ञ दोघांतच काढतात. बाहेरचा तिसरा डोळा गेला, हेही लिहा.