मदत हवी आहे : बारावीच्या मुलांकडून अलंकारांची उजळणी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे आणि अलंकारांची उजळणी चालू आहे. व्याख्या मुलांना तोंडपाठ आहेत. उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधर्म्य (दोघांतला सारखेपणा) विचारलं की धडाधड सांगतात. पण न पाहिलेली ओळ समोर ठेवली की अर्थाकडे न बघता खुणेचा शब्द शोधतात. 'सम', 'परी' दिसलं की उपमा, 'जणू', 'गमे', 'भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. बाजारातल्या गाइडांनी लावलेली ही सवय.

परवा अपन्हुतीसाठी नेहमीचंच उदाहरण दिलं :

न हे नयन, पाकळ्या उमलल्या सरोजांतिल
न हे वदन, चंद्रमा शरदिचा गमे केवळ

अर्ध्या वर्गाने उत्प्रेक्षा लिहिली, कारण 'गमे' आहे ना! डोळे हे डोळे नव्हेतच असं कवी सरळ नाकारतोय, ते कोणी वाचलंच नाही.

अर्थांतरन्यास तर फारच अवघड जातो. रघुनाथ पंडितांचं 'कठिण समय येता कोण कामास येतो' आणि तुकोबांचं 'लहानपण देगा देवा' शेजारीशेजारी ठेवलं, तर दोन्हीकडे दृष्टांत लिहितात. मुंगी, ऐरावत, अंकुश हे दाखले आहेत हे त्यांना कळतं. पण रघुनाथ पंडितांच्या श्लोकात हंस सापडल्यावर बाकीचे पक्षी उडून गेले, या एका प्रसंगावरून कवी सगळ्यांना लागू पडणारं विधान करतो, हा फरक हाती लागत नाही.

आणि रसग्रहणात सगळ्यांचं एकच वाक्य : 'यमक व अनुप्रासामुळे कवितेला गोडवा आला आहे.' कविता कुठलीही असो! मुलं हुशार आहेत, कविता आवडीने ऐकतात, म्हणून जास्त वाईट वाटतं. तास मोजकेच उरलेत. नवीन नोट्स द्यायच्या नाहीत. तुम्ही वर्गात नेमकं काय करून घेता?

---

प्रतिसाद :

मॅडम, मी उदाहरणं ओळखायला देणं थांबवून ती घडवायला देतो. एकच जोडी घ्यायची, मुलांच्या डोळ्यांसमोरची. आमच्याकडे शेततळं आणि आरसा. शेततळं आरशासारखं : उपमा. शेततळं जणू आरसाच : उत्प्रेक्षा. शेततळ्याच्या आरशात ढग उतरले : रूपक. हे शेततळं नव्हे, आरसा आहे : अपन्हुती. आरशाहून नितळ शेततळं : व्यतिरेक. या शेततळ्यासारखं हेच शेततळं : अनन्वय. जोडी तीच राहते, नातं बदलत जातं, ते मुलं स्वतःच्या हाताने बदलतात. मग खुणेचा शब्द लागत नाही.

अर्थांतरन्यासाला शेवटची ओळ हाताने झाकायला सांगा. वर प्रसंग पुरा होतो का? आणि झाकलेली ओळ एकटी, म्हणीसारखी कोणालाही ऐकवता येते का? दोन्ही 'हो' असेल तर बहुतेक वेळा अर्थांतरन्यास. दृष्टांतात असं सुटं विधान निघत नाही, एका गोष्टीशेजारी तशीच दुसरी गोष्ट उभी असते.

रसग्रहणासाठी अलंकार काढून ओळ साध्या गद्यात लिहायला लावतो आणि विचारतो, काय गेलं? जे गेलं तेच उत्तरात लिहायचं. सुरुवातीला मुलं अडखळतात, तेव्हा आपण सांगायचं नाही. थांबायचं.