‘चेअरमनबाई’ म्हणजे नक्की कोण?

आम्ही लालबागला राहतो. चाळीची सोसायटी झाली आणि यंदा मी चेअरमन झाले. पुनर्विकासाच्या बैठकीची नोटीस लागली, तिच्याखाली नुसतंच ‘चेअरमनबाई’. तळमजल्यावरच्या आजोबांनी ती वाचून माझ्या मिस्टरांचं अभिनंदन केलं! मला ते लागलं. ‘अध्यक्षा’ लिहायला सांगू का?

— ताई, आजोबांचा घोटाळा भाषेतूनच आलाय. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, सावकारीण सावकाराची, वकिलीणबाई वकिलाची. पद त्याचं, मान तिला. ‘मास्तरीण’ मात्र स्वतः शिकवणारी, कारण बायका खरोखरच वर्गात उभ्या राहिल्या. वापर बदलला की अर्थ सरकतो. ‘अध्यक्षा’ चुकीचं नाही, पण मला तरी गरज वाटत नाही. १९५६ साली सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, तेव्हा ‘महापौर’ला शेपूट जोडावं लागलं नाही. मराठीत ते काम क्रियापद करतं: महापौर आल्या, महापौर म्हणाल्या.

मला खरा राग ‘सरपंचपती’ आणि ‘नगरसेविकापती’चा येतो. महापालिकेत २२७ जागा, त्यातल्या निम्म्या महिलांसाठी राखीव. राज्याने ३३चे ५० टक्के केले २०११ साली. तरी कामासाठी फोन केला की “साहेबांशी बोला”. पाटलिणीला पाटलाचा मान मिळायचा, अधिकार नाही. इथे तर नवऱ्याला बायकोचा अधिकारच मिळतो, तोही न निवडून येता.

— मग ‘सभापती’चं काय? बाईला सभापती कसं म्हणायचं?

— खुशाल म्हणा. तिथला पती म्हणजे नवरा नव्हे, स्वामी. पाणिनीनेही समासात विकल्प दिलाय: घराची मालकीण गृहपत्नी, तशीच गृहपतीसुद्धा. त्यामुळे पंचायत समितीच्या सभापती बाई असल्या तरी शब्द तोच. ‘सरपंचपती’तला पती मात्र शुद्ध नवराच, आणि तसं कोणतंही पद कायद्यात नाही.

— आभार. नोटीस बदलून घेतली. आता माझं पूर्ण नाव आणि खाली ‘चेअरमन’. आजोबांना स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “मग रविवारी कार्पेट एरियाचं तूच विचार बिल्डरला.” विचारणार आहे.