फुटबॉलवर पैसे लावायचे तर प्रेडिक्शन मार्केट की बेटिंग एक्स्चेंज? की दोन्ही एकच?

फोंड्याचा विंगर (धागाकर्ता)

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर मॅच बघून परतताना गाडीत वाद पेटला. मित्राचं म्हणणं, बेटिंग एक्स्चेंज म्हणजे जुगार आणि प्रेडिक्शन मार्केट म्हणजे शेअरबाजारासारखा अभ्यासाचा व्यवहार. मला हे मुळीच पटलेलं नाही.

एक्स्चेंजवर समोर बुकी नसतो. बेटफेअर २००० साली लंडनमध्ये निघालं ते याच कल्पनेवर: एकाने ‘हे होईल’ म्हणून लावायचं, दुसऱ्याने ‘होणार नाही’ म्हणून ती पैज खायची, कंपनीने जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यातून कमिशन कापायचं. आपल्याकडची लगाई-खाई तीच. कॅल्शी किंवा पॉलीमार्केट या प्रेडिक्शन मार्केटवर ‘अमुक संघ जिंकेल’ असा कॉन्ट्रॅक्ट विकत घ्यायचा. खरा ठरला तर एक डॉलर, नाहीतर शून्य.

आता हिशेब बघा. एक्स्चेंजवरचा २.५० चा भाव, म्हणजे जिंकल्यास रुपयाला अडीच रुपये परत, म्हणजेच चाळीस टक्के शक्यता. मार्केटवर तेच ४० सेंट. ३.४० च्या भावाने १०० रुपयांचा ड्रॉ खाल्लात तर जोखीम २४० रुपयांची आणि ड्रॉ झाला नाही तर हाती १००. मार्केटवर ‘ड्रॉ होणार नाही’ हा कॉन्ट्रॅक्ट ७०-७१ सेंटला घेतलात तर नेमकं हेच घडतं. मग एक जुगार आणि दुसरी गुंतवणूक कशी? शेअरच्या मागे निदान एखादा कारखाना उभा असतो. रेफ्रीची शेवटची शिट्टी वाजल्यावर या कॉन्ट्रॅक्टच्या मागे काय उरतं?

मडगावचा डिफेंडर

विंगरबाब, हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. बेटफेअरने २००८ मध्ये सतत जिंकणाऱ्यांवर प्रीमियम चार्ज नावाची जादा कपात बसवली आणि २०११ मध्ये काही जणांसाठी ती नफ्याच्या ६० टक्क्यांपर्यंत नेली. अभ्यास करून जिंकलात तर वर भुर्दंड! प्रेडिक्शन मार्केट व्यवहारावर फी घेतं, जिंकणारा-हरणारा असा भेद करत नाही. शिवाय ४० सेंट म्हटलं की शाळकरी पोरालाही चाळीस टक्के कळतात. आयोवा विद्यापीठाने १९८८ साली निवडणुकीवर असाच बाजार चालवला तो संशोधनासाठी. या कल्पनेचा जन्म जुगाराच्या अड्ड्यावर झालेला नाही.

फोंड्याचा विंगर

भेद नाही म्हणजे हरणाऱ्याकडूनही फी. कॅल्शीचं बराच काळ वापरात असलेलं सूत्र घ्या: दर कॉन्ट्रॅक्टला ०.०७ गुणिले (डॉलरमधला) भाव गुणिले एक वजा भाव. ४० सेंटचे १०० कॉन्ट्रॅक्ट घेतले की १.६८ डॉलर गेले, निकाल काहीही लागो. एक्स्चेंजवर ४० डॉलर २.५० ने लावले आणि कमिशन पाच टक्के धरलं तर जिंकल्यावर ३ डॉलर, हरल्यावर काही नाही. दहातून चारदा जिंकणाऱ्याला सरासरी १.२० पडतात. जिंकणाऱ्यांवरचा असा जादा चार्ज थोड्यांना लागतो, ही फी सगळ्यांना.

म्हापशाचा रेफ्री

फीपेक्षा मोठी गोष्ट निकालाची आणि वेळेची.

१८ डिसेंबर २०२२ ची वर्ल्ड कप फायनल आठवा. नव्वद मिनिटांना २-२, एक्स्ट्रा टाइमनंतर ३-३, पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. एक्स्चेंजच्या मॅच ऑड्सवर, म्हणजे सामना कोण जिंकणार या बाजारात, तो ड्रॉ, कारण तिथे नव्वद मिनिटं आणि इंज्युरी टाइमच धरतात. कप अर्जेंटिनाने उचलला आणि त्या बाजारात अर्जेंटिनावर लावणारे हरले. निदान नियम जुना आणि ठरलेला आहे. पॉलीमार्केटवर प्रत्येक कॉन्ट्रॅक्टचा मजकूर स्वतंत्र वाचावा लागतो आणि निकालावर वाद झाला तर तो यूएमए नावाच्या क्रिप्टो टोकनच्या धारकांच्या मतदानाने सुटतो. मैदानावर काय घडलं हे मतदानाने ठरवायचं, ही गोष्ट मला रेफ्री म्हणून झोंबते.

दुसरं, २० डिसेंबर २०१५. इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन, आमच्याच फातोर्ड्यावर. मी स्टँडमध्ये होतो. ८७ व्या मिनिटाला गोव्याचा दुसरा गोल झाला, २-१, आणि शेजारचे अनोळखी लोक गळ्यात पडले. नव्वदाव्या मिनिटाला स्वयंगोल. दोनच मिनिटांनी चेन्नईयिनचा तिसरा. अख्खं स्टेडियम गप्प. त्या वेळी ‘गोवा जिंकेल’ याचा भाव नव्वदीच्या पुढून शून्यावर आला असता. एक्स्चेंज गोल होताच बाजार थांबवतं आणि न जुळलेल्या बोली रद्द करतं. असा थांबा सगळीकडे नसतो. तो नसेल तर स्टँडमधला माणूस, टीव्हीवर काही सेकंद उशिरा बघणाऱ्याची बोली गिळून मोकळा होतो. माझ्या मते हा खेळच नव्हे.

स्विंडनचा गोंयकार

इथे ब्रिटनमध्ये एक्स्चेंजला गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतो. स्वतःला आवरता येत नसेल तर गॅमस्टॉपवर नाव घालून सगळ्या परवानाधारक साइट एकदम बंद करून घेता येतात. शेजारच्या खोलीतल्या मुलाने मागच्या वर्षी तेच केलं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत स्पोर्ट्स बेटिंगला वय २१ लागतं, पण कॅल्शी वायद्यांच्या नियामकाखाली येतं म्हणून १८ पुरतं. नाव बदललं की तीन वर्षं कमी झाली.

पेडण्याची वाचक

तुम्ही सगळे फी आणि सेकंद मोजताय. माझा धाकटा भाऊ ‘हो की नाही’वाल्या एका ॲपवर होता. वाड्यावरच्या मटकेवाल्याकडे तो कधी उभा राहिला नसता, बाबांची लाज होती. पण ॲपवर ‘ट्रेड’ आणि ‘पोर्टफोलिओ’ लिहिलेलं. जेवताना उघड सांगायचा, आज ट्रेडिंगमध्ये एवढे सुटले. बाबा कौतुकाने ऐकायचे. आईने स्कूटरसाठी साठवलेले पैसे संपले तेव्हा कुठे कळलं.

सेबीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की असले प्लॅटफॉर्म आमच्या कक्षेत येत नाहीत, तिथे गुंतवणूकदाराचं संरक्षण नाही. ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा आला: पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. आम्हा गोमंतकीयांना मांडवीतल्या कॅसिनोत फेब्रुवारी २०२० पासून प्रवेश नाही. आणि वाद कशावर, तर कुठला जुगार चांगला!

मडगावचा डिफेंडर

बाय, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. शब्दाने फसवणूक होते हे मी मान्य करतो. ‘ट्रेडिंग’ हा शब्द तिथे नको. पण प्रीमियम चार्जवर माझं मत तेच. आणि बंदी आली म्हणून २०२६ च्या वर्ल्ड कपच्या १०४ मॅचवर आमच्या साष्टी तालुक्यात पैज लागणार नाही, असं मला वाटत नाही. ती चिठ्ठीवर लागेल, जिथे ना भाव दिसतो ना नियम.

पेडण्याची वाचक

चिठ्ठीवर लागली तर बाबांना ती पैज म्हणून कळेल. मला एवढंच हवं होतं.